घराचा फोटो सरळ उभा राहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरांच्या जाहिरातींसोबत आणि घरसजावटीच्या पानांवर येणारे आतल्या खोल्यांचे फोटो हल्ली बहुतेक मोबाइलवर काढलेले असतात. त्यात गैर काही नाही. साध्या मोबाइलचा कॅमेराही आज या कामाला पुरतो. तरी यातले बरेच फोटो ठरावीक पद्धतीने बिघडलेले असतात. भिंती तळाशी निमुळत्या होतात, कडेची खुर्ची ताणून लांब केल्यासारखी दिसते, खोलीचा एक भाग पिवळा तर दुसरा निळसर येतो आणि खिडकीच्या जागी कोरा पांढरा चौकोन उरतो. घरांच्या अंतर्भागाचे फोटो काढणे हे आमचे रोजचे काम आहे. या दोषांची कारणे स्पष्ट आहेत आणि बहुतेकांवरचा उपाय कॅमेरा कुठे धरायचा आणि कोणता दिवा बंद करायचा एवढाच आहे. तो वाचकांपर्यंत पोहोचावा, म्हणून हे सविस्तर पत्र.

सुरुवात मोबाइलवरच्या ०.५ या बटणापासून करावी लागेल, कारण सर्वाधिक नुकसान तेच करते. खोली लहान, मागे सरकायला जागा नाही, म्हणून लोक ते दाबतात आणि सगळी खोली एका झटक्यात मावते. ही लेन्स साधारण १३ मिलिमीटरची (आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद), म्हणजे सुमारे १२० अंशांचे दृश्य पकडणारी असते. मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते आणि तिचा कोन ८० अंशांच्या आसपास असतो. एवढे रुंद दृश्य सपाट चित्रात बसवताना कडेच्या वस्तू ताणल्या जाणारच, हा भूमितीचा नियम आहे. चौकटीच्या अगदी डाव्या किंवा उजव्या कडेला ठेवलेला गोल दिवा मुख्य लेन्सने घेतला तर उंचीच्या सुमारे सव्वापट रुंद दिसतो. तोच ०.५ ने घेतला तर दीडपटीहून अधिक रुंद होतो. शिवाय समोरची भिंत दूर पळते आणि दहा फुटांची खोली दिवाणखान्याएवढी भासते. तो फोटो पाहून घर बघायला आलेला माणूस दारातच हिरमुसतो. मग फोटोचा उपयोग काय झाला?

म्हणून आमचा आग्रह मुख्य लेन्सचाच आहे. जागा कमी पडत असेल तर खोलीबाहेर जाऊन उंबरठ्यापलीकडून, मार्गिकेतून किंवा बाल्कनीच्या दारातून फोटो घ्यावा. दाराच्या चौकटीची बारीक कड दिसली तरी बिघडत नाही. पाठ भिंतीला टेकवून मोबाइल छातीपाशी धरण्याऐवजी मोबाइलच भिंतीला जवळजवळ टेकवला आणि आपण बाजूला उभे राहिलो, तरी हातभर जागा मिळते. लहान खोलीत हातभर जागा फार असते. न्हाणीघरासारख्या अगदी अडचणीच्या जागी ०.५ वापरावेच लागले, तर बादली, स्टूल, कुंडी असे काही चौकटीच्या कडेला येऊ देऊ नये आणि नंतर चारी बाजूंनी थोडे कापून टाकावे. ताण कडांना असतो, मधला भाग बराच खरा असतो. वेगळा कॅमेरा असणाऱ्यांसाठी फुल फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर) २० ते २८ मिलिमीटर आणि त्याहून लहान सेन्सरवर १३ ते १८ मिलिमीटर हा पल्ला बहुतेक घरांना पुरतो. फुल फ्रेमवर १६ मिलिमीटरच्या खाली उतरण्याआधी दोनदा विचार करावा.

दुसरी गोष्ट उंचीची. उभा माणूस डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे १५० ते १६० सेंटिमीटरवरून फोटो काढतो आणि जमीन चौकटीत यावी म्हणून मोबाइल नकळत खाली झुकवतो. भिंती तिथेच वाकड्या होतात. कॅमेरा खाली झुकला की उभ्या रेषा तळाकडे एकत्र येऊ लागतात, वर झुकला की छताकडे. कॅमेऱ्याची नजर जमिनीला समांतर, म्हणजे मोबाइल अगदी ताठ राहिला तर दाराच्या चौकटी, कपाटाच्या कडा, खांब सगळे आपोआप सरळ उभे राहते. बसण्याच्या खोलीत लेन्स ११५ ते १३० सेंटिमीटरवर ठेवावी, झोपण्याच्या खोलीत १०० ते ११० वर, कारण पलंग ठेंगणा असतो आणि उंचावरून तो गादीच्या नुसत्या पट्ट्यासारखा दिसतो. स्वयंपाकघराचा हिशोब वेगळा आहे. ओटा साधारण ८५ ते ९० सेंटिमीटरवर असतो. लेन्स त्याच्या पातळीला आणली तर ओट्याचा पृष्ठभाग दिसतच नाही. फार खाली गेली तर वरच्या कपाटांचे तळ, त्यांच्याखालच्या वायरी आणि दिव्यांच्या पट्ट्या दिसू लागतात. १२५ ते १३५ या पट्ट्यात दोन्ही गोष्टी जमतात.

ही उंची मोजपट्टीने एकदा मोजून शरीरावर लक्षात ठेवावी, म्हणजे आपल्या छातीचे कितवे बटण तिथे येते ते कळते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ग्रिड आणि लेव्हल सुरू करावे. एक सावधगिरी मात्र हवी. बऱ्याच मोबाइलमधली लेव्हलची रेघ फोटो डावीकडे-उजवीकडे कलला आहे का, एवढेच सांगते. तो पुढे-मागे झुकला आहे का, हे तिच्यावरून कळेलच असे नाही. ते पाहायला चौकटीच्या दोन्ही टोकांची एकेक उभी कड निवडावी, डावीकडे दार आणि उजवीकडे कपाट, आणि दोन्ही ग्रिडच्या उभ्या रेघांना समांतर आहेत का ते तपासावे. दोन्ही खाली एकमेकींकडे येत असतील तर मोबाइलचा वरचा भाग किंचित मागे न्यावा. वर एकमेकींकडे येत असतील तर किंचित पुढे.

इथे एक अडचण लगेच येते. कॅमेरा समांतर धरला की छत नको इतके येते आणि जमीन कमी पडते. ही अडचण सोडवायला आर्किटेक्चरचे फोटोग्राफर शिफ्ट लेन्स वापरतात. कॅनॉनची २४ मिलिमीटरची तशी लेन्स १९९१ मध्ये आली. कॅमेरा न झुकवता त्या लेन्समधून चित्र खाली-वर सरकवता येते. मोबाइलवर तेच काम फुकट होते. मोबाइल उभा धरावा, समांतर ठेवावा, फोटो घ्यावा आणि मग छताचा अनावश्यक भाग कापून हवा तेवढा आडवा तुकडा ठेवावा. मेगापिक्सेल कमी होतात, पण १२ मेगापिक्सेलच्या उभ्या फोटोची रुंदी सुमारे ३००० पिक्सेल असते आणि जाहिरातीला त्याहून अधिक लागत नाही. एडिटिंगमध्ये परस्पेक्टिव्ह (रेषांचा कल) सरळ करण्याची सोयही असते. ती चित्र ताणून काम करते आणि कोपरे कापते, म्हणून दोन-तीन अंशांच्या दुरुस्तीपुरतीच बरी. ती वापरणार असाल तर काढतानाच चारी बाजूंना मोकळी जागा ठेवा.

आता प्रकाश. घराचे फोटो काढायचे म्हणून आधी घरातले सगळे दिवे लावतात. दिवसा हे करू नये. पिवळसर बल्बचा प्रकाश साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो (आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळा), पांढऱ्या एलईडीचा ६००० ते ६५०० चा, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, आणि सावलीतल्या खिडकीतून निळ्या आकाशाचा जो उजेड येतो तो ७००० च्याही वर जातो. आपले डोळे हे फरक सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र पूर्ण चित्रासाठी एकच व्हाइट बॅलन्स निवडता येतो. खिडकीचा उजेड त्याने पांढरा मानला की बल्बखालची भिंत नारिंगी होते, बल्ब पांढरा मानला की खिडकीजवळची फरशी निळी पडते. एडिटिंगमध्ये एक सुधारायला गेले की दुसरे बिघडते, कारण रंगाची सरमिसळ चित्राच्या वेगवेगळ्या जागी वेगवेगळी असते. सगळे दिवे बंद करून फक्त खिडकीच्या उजेडात फोटो घेतला की हा प्रश्नच राहत नाही. खोली थोडी अंधारी वाटली तर वाटू द्यावी. एका बाजूने येणाऱ्या उजेडात सोफ्याला, पडद्याच्या चुण्यांना, भिंतीच्या पोताला उठाव येतो. छतावरचे सगळे दिवे लावले की तो निघून जातो.

व्हाइट बॅलन्स आपोआप न ठेवता एकदा लॉक करावा. ज्या मोबाइलवर ती सोय नाही, तिथे प्रत्येक खोलीचा एक जादा फोटो साधा पांढरा कागद मध्ये धरून घ्यावा. नंतर त्या कागदावरून रंग ठरवावा आणि तोच बदल त्या खोलीच्या बाकी फोटोंना द्यावा. भिंतीवरचे स्विचबोर्ड यासाठी वापरू नयेत, जुने प्लास्टिक पिवळे पडलेले असते. रंगीत पडदे आणि खिडकीबाहेरची दाट झाडे आपला रंग आत टाकतात, हेही लक्षात घ्यावे. लाल पडदा अर्धवट ओढलेला असेल तर शेजारची पांढरी भिंत गुलाबी येणारच. तो पूर्ण बाजूला करावा.

वेळ निवडताना साधा नियम असा की ज्या खोलीचा फोटो घ्यायचा तिच्या खिडकीत थेट ऊन नको. पूर्वेची खोली दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी. फरशीवर उन्हाचा कवडसा पडलेला असतो तेव्हा तो भाग पांढराफट्ट होतो आणि बाकी खोली काळवंडते. ढगाळ दिवस सर्वांत सोपा, कारण पूर्ण आकाशच मऊ दिव्याचे काम करते. ऊन टाळता येत नसेल तर पातळ पांढरा पडदा ओढून घ्यावा.

खिडकीच्या पांढऱ्या चौकोनाचे कारण आकड्यांत सांगण्यासारखे आहे. भर उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स (उजेडाचे माप) प्रकाश असतो, खिडकीपासून दूर असलेल्या कोपऱ्यात १०० ते ३०० लक्स. इतका फरक मोबाइलचा सेन्सर एका क्लिकमध्ये सहसा नीट पकडत नाही. यावर तीन मार्ग आहेत. पहिला, खिडकी चौकटीबाहेर ठेवणे आणि तिच्या बाजूला उभे राहून तिचा उजेड जिथे पडतो तो भाग घेणे. आमच्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. दुसरा, संध्याकाळची वाट पाहणे. सूर्यास्तानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी बाहेरचे आकाश आणि आतले दिवे यांची तीव्रता जवळजवळ सारखी होते. ती वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटे टिकते आणि तेवढ्यातच बाहेरचे दृश्य व आतली खोली दोन्ही एकत्र येतात. दिवे लावून फोटो घ्यायची हीच वेळ, फक्त खोलीतले सगळे दिवे एकाच रंगाचे हवेत.

तिसरा मार्ग अनेक एक्स्पोजर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो, जोडण्याचा. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करून एक फोटो नेहमीचा, दुसरा दोन स्टॉप कमी आणि तिसरा दोन स्टॉप जास्त घ्यावा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). बदल फक्त शटरमध्ये (प्रकाश किती वेळ आत येतो त्यात) करावा, अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या आकाराला) हात लावू नये, नाही तर कुठपासून कुठपर्यंतचे स्पष्ट दिसते ते बदलते आणि ते जुळत नाहीत. पंखा बंद असावा, पडदे हलू नयेत, नाही तर जोडलेल्या चित्रात त्यांची भुते दिसतात. मोबाइलचे एचडीआर हेच काम आतल्या आत करते आणि बहुतेक वेळा पुरते. जाणकारांना ठाऊक असलेला आर्किटेक्चरचे फोटोग्राफर ज्युलियस शुलमन यांचा १९६० चा फोटो, लॉस एंजलिसच्या दिव्यांवर तरंगणाऱ्या काचेच्या घराचा, याच विचारातून घडला. शहराच्या दिव्यांसाठी शटर काही मिनिटे उघडे ठेवले आणि आतल्या माणसांसाठी वेगळा फ्लॅश उडवला. आत आणि बाहेर यांचा हिशोब वेगळा करायचा, हे तत्त्व फिल्मच्या काळापासूनचे आहे.

जोडलेला फोटो ओळखू येऊ नये, एवढीच काळजी घ्यावी. खिडकीभोवती राखाडी वलय, सावल्या कुठेच नाहीत, लाकूड चमकत्या नारिंगी रंगाचे, असे झाले की समजावे जोर जास्त झाला.

मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. एक मीटरवरच्या खुर्चीला जेवढा उजेड मिळतो त्याच्या सोळाव्या भागाएवढाच चार मीटरवरच्या भिंतीला मिळतो. खुर्ची भगभगीत आणि मागे काळोख, हे त्यामुळे. वेगळा फ्लॅश असेल तर तो पांढऱ्या छताकडे किंवा पाठीमागच्या भिंतीकडे वळवावा. छत रंगीत असेल तर त्याचा रंग सगळ्या खोलीवर येईल.

फ्लॅश नाही, दिवे नाहीत, म्हणजे शटर मंद होणार. मग हात पुरत नाही. ट्रायपॉड आणि मोबाइलची क्लिप ही एकच खरेदी आम्ही सुचवू. ती नसेल तर शिडीची पायरी किंवा पुस्तकांची चळतही चालते. दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा, कारण बटणाला बोट लागले तरी मोबाइल हलतो. वेगळ्या कॅमेऱ्यात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते २००, अ‍ॅपर्चर एफ/८, आणि शटर जेवढे मंद लागेल तेवढे, अर्धा सेकंद म्हणा वा दोन. एफ/१६ च्या पुढे जाऊ नये, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, पूर्ण चित्र मऊ पडते. हातात धरून एलईडीच्या उजेडात फोटो घेताना आडवे काळे पट्टे येतात, ते दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे जातात. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०.

लेन्स पुसणे सांगायची गरज वाटू नये, पण वाटते. बोटांच्या तेलाचा पातळ थर असला की खिडकीतून उजेडाचे धुरकट पट्टे चित्रभर पसरतात. चष्म्याचे कापड घेऊन दर खोलीआधी एकदा पुसावे.

खोली आवरताना डोळ्यांवर विसंबू नये. सवयीने आपल्याला चार्जरच्या वायरी, कचऱ्याचा डबा, दारामागचे कपडे, फ्रीजवर चिकटवलेले कागद दिसेनासे होतात. एक चाचणी फोटो काढून तो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्याने पाहावा, आवरावे, पुन्हा पाहावे. खुर्च्या टेबलाला समांतर, उशा ताठ, पडद्यांच्या चुण्या सारख्या, कमोडचे झाकण खाली. टीव्ही बंद असेल तर त्याच्या काळ्या काचेत कोण उभे आहे ते पाहावे. सगळेच उचलून नेऊ नये मात्र. रिकाम्या खोलीत मापाचा अंदाज येत नाही. एक पुस्तक, एक झाड, एक दिवा असू द्यावा.

आरशाबाबत अंदाजाने धडपड करण्यापेक्षा एक नियम ध्यानात ठेवावा. लेन्सपासून आरशाच्या पातळीवर सरळ लंब टाकला असे समजा. तो आरशाच्या आत पडला तर आरशात कॅमेरा असणार, मग तो चौकटीच्या टोकाला का असेना. तो कडेबाहेर पडला की कॅमेरा दिसत नाही. म्हणून आरशासमोर उभे राहूच नये. त्याच्या कडेपलीकडे एवढे सरकावे की लंब बाहेर पडेल, कॅमेरा भिंतीला समांतरच ठेवावा आणि नको तो भाग नंतर कापावा. पोलरायझर फिल्टर फरशी, टाइल्स, काच यांच्यावरची चमक कमी करतो, त्यातही लंबापासून साधारण ५६ अंशांच्या तिरकस कोनातून सर्वाधिक. त्यासाठी एक ते दोन स्टॉप प्रकाश द्यावा लागतो. धातूचा मुलामा असलेल्या नेहमीच्या आरशावर त्याचा उपयोग नाही.

चौकट ठरवताना दोन पर्याय पुरेत. एक तर समोरच्या भिंतीला तंतोतंत समांतर उभे राहावे, नाही तर स्पष्ट कोनात, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे. पाच-सहा अंशांचा अर्धवट तिरकेपणा चुकून झाल्यासारखा दिसतो आणि फरशीच्या रेघा तो लगेच उघडा पाडतात. तीन भिंती एकाच फोटोत घेण्याचा हट्ट सोडला तर बहुतेक खोल्या अधिक प्रशस्त वाटतात. दोन भिंतींमध्ये माणूस उरलेल्या खोलीची कल्पना करतो.

फोटो जाहिरातीत किंवा वर्तमानपत्रात द्यायचा असेल तर आणखी काही गोष्टी. मेसेजिंग अ‍ॅपमधून साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने पाठवावा. २० सेंटिमीटर रुंद छापायला इंचाला २०० ठिपके धरले तरी सुमारे १६०० पिक्सेल लागतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सावल्या आणखी गडद होतात, म्हणून छपाईसाठीचा फोटो पडद्यावर किंचित उजळ वाटेल एवढा ठेवावा. फोटोच्या फाइलमध्ये घराचे नेमके ठिकाण नोंदलेले असू शकते. कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी काढावी किंवा पाठवताना ती माहिती वगळावी. किल्ल्या, मुलांचे फोटो, प्रमाणपत्रे, राउटरवरचा पासवर्ड, पत्ता लिहिलेली पाकिटे चौकटीत नसावीत. किल्लीचे दाते स्पष्ट दिसले तर तिची नक्कल करता येते.

रेषा सरळ करणे, रंग नीट करणे, लेन्सवरच्या धुळीचा डाग काढणे ही दुरुस्ती झाली. भिंतीवरची ओल पुसणे, खिडकीबाहेरचा विजेचा खांब गायब करणे, रिकाम्या खोलीत संगणकाने फर्निचर मांडून ते न सांगणे, ही घर घेणाऱ्याची किंवा भाड्याने राहायला येणाऱ्याची फसवणूक आहे. ०.५ ने फुगवलेली खोलीही आम्ही त्याच रांगेत धरतो. म्हणून संपादक महोदय, आपणास विनंती आहे की घरांच्या जाहिरातींसाठी फोटो मागवताना तीन अटी छापाव्यात. फोटो मुख्य लेन्सने काढलेला असावा, त्यातल्या उभ्या रेषा सरळ असाव्यात, आणि संगणकाने काही घातले किंवा काढले असल्यास फोटोखाली तसे लिहावे.

आपले,
अंतर्भाग छायाचित्रणाचे काम करणारे काही वाचक